नामा, तुझ्या दगडाला शेंदूर लागला

नामा, तुझं रक्त अजून त्या कातळावरून नीट निघालंही नव्हतं, तोवर लोकांनी त्यावर शेंदूर फासला.

खोटं सांगत नाही. तू जिथं पडलास ना, म्हसोबाच्या ओट्याखाली, लिंबाच्या मुळाशी, तिथं कुणीतरी ओढ्यातला एक गुळगुळीत दगड आणून उभा केला. वर शेंदूर, तेल आणि पत्र्याचे दोन डोळे. तुझं तेरावंसुद्धा व्हायचं होतं. मी सकाळी तिकडं गेलो, तर दगड माझ्याकडं टकामका बघतोय. "आयला नाम्या, एवढ्यात?" असं तोंडातून निघालं, आणि मग मी तिथंच खाली बसलो.

त्याच संध्याकाळी गावकीचे म्हातारे तात्या माझ्या मटणाच्या दुकानात आले, सोबत चार-पाच जण. भिवाच्या बायकोच्या अंगात आलं म्हणे आणि तिच्या तोंडून तू बोललास. काय बोललास? तर, "माजं रगत सांडलंय, मला रगत पायजे. न्हाय दिलं तर गावाला सुखानं निजू देनार न्हाय." तात्या खुर्चीत बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "दस्तगीर, बोकड ठरवलंय. नामाच्या दगडावर पैली सुरी तुजी. मान तुजाच हाय."

अरे, तू! जन्मात कधी मटणाच्या रश्श्यात बोट बुडवलं नाहीस. जत्रेत सगळा गाव पातेल्यांभोवती बसायचा तेव्हा तू देवाच्या मागं बसून दहीभात खायचास आणि मी तुला हाडूक दाखवून चिडवायचो. "तुज्या देवाचं जेवान मी जेवतो, तू आपला वरन-भात गिळ." तर तू म्हणायचास, "गिळ बाबा, तुजं पोट म्हंजे दुसरा म्हसोबाच हाय." आणि आता तुलाच बोकड पायजे झालं. मला हसू आलं तात्यांसमोर. मग त्यांचं तोंड बघितलं आणि कळलं, ही माणसं भ्यालीत. खरोखर भ्यालीत. भ्यालेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

मी एवढंच विचारलं, "आन मी न्हाय म्हनलो तर?"

"तर दुसरं कुनीतरी कोयत्यानं उडवंल," तात्या म्हणाले. "मागच्यासारकं."

मागच्यासारखं. हा शब्द म्हाताऱ्यानं माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर उच्चारला. हातात सत्तूर होता, तो मी खाली ठेवला.

तुला ठाऊक आहे मी किती तापट आहे. पण तुझ्या दगडाचं ऐकून जो राग आला तो वेगळाच. मला तू माणूस म्हणून हवा होतास रे. अर्धी बिडी कानावर ठेवणारा, घोरणारा, बारामतीला गेलं की प्रत्येक वेळी चप्पल हरवून येणारा नामा. एकदा का त्या दगडावर बोकड पडलं की संपलं. पुढच्या चैत्रात दोन पडणार, त्याच्या पुढच्या चैत्रात वीस. मग तुझी चप्पल कुणाला आठवणार नाही. लोक म्हणतील, हा रक्त पिणारा देव आहे, याला जपून राहा. आणि त्याची सुरुवात माझ्या हातानं व्हायची होती.

हे असंच होत आलंय, हे आपल्या दोघांइतकं कुणाला माहीत होतं? आठवतंय, त्या कडक उन्हाळ्यात म्हसोबाचं कवच गळालं ते? किती पिढ्यांचा शेंदूर, टरबुजाएवढा जाड, भेगाळून एकदम खाली आला. तू घाबरून मला हाक मारायला पळत आलास, "दस्त्या, देव फुटला!" आपण गेलो. आत देव नव्हताच. पाटीएवढा एक काळा दगड होता आणि त्यावर कोरलेलं चित्र. खाली गाई, शिंगं वळलेल्या. त्यांच्यापुढं एक माणूस, हातात तलवार, आणि त्याच्या अंगात भाले घुसलेले. वर त्याला दोन बाया हाताला धरून घेऊन चाललेल्या. तू ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलंस. नाक झिजलं होतं, पण मिशी होती. तू कितीतरी वेळ त्या मिशीवरून बोट फिरवत होतास.

"ह्यो तर मानूस हाय," तू म्हणालास. "गाई राखताना मारला कुनीतरी."

"मग म्हसोबा कुठं गेला?"

"ह्योच म्हसोबा. मेला, मग लोकं भ्याली, मग शेंदूर लावला. दुसरं काय."

गाव जागं व्हायच्या आत आपण नवीन शेंदूर-तेल कालवलं आणि त्याला पुन्हा झाकून टाकलं. मी मुसलमान, गावचा मुलाणी, माझे हात कोपरापर्यंत शेंदरी. घरी आलो तर अम्मी म्हणाली, "ये क्या खून करके आया क्या?" तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसला होतास. नंतर एकदा बाहेरगावच्या एका मौलानानं मला बजावलं, मूर्तीपुढं जनावर कापतोस, हराम आहे ते. मी म्हणालो, सुरी चालवताना नाव अल्लाचंच घेतो, पुढं कोण बसलंय ते त्याचं तो बघेल. पण खरं सांगू? त्या दिवसानंतर सुरी चालवताना मला दगड दिसायचाच नाही. तो मिशीवाला दिसायचा, अंगात भाले घेऊन उभा.

तुझं-माझं भांडण तिथूनच सुरू झालं. तू म्हणायचास, त्या माणसाचं रक्त एवढं सांडलं, अजून किती सांडायचं त्याच्यापुढं? मी म्हणायचो, देव मागत नाही रे, माणूस मागतो. माणसाच्या आतच काहीतरी आहे, त्याला वर्षातून एकदा रक्त बघायचं असतं. मग ते एका जागी, एका सुरीनं, नाव घेऊन, जनावराला कळायच्या आत होऊ दे. नाहीतर ते घराघरांत सांडेल. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी रेडा सोडायचे. पाणी नाही, सुरी नाही. दारू पाजायची आणि गावभर पळवायचं. ज्याला जमेल त्यानं भाला मारायचा, कुऱ्हाड मारायची. रेडा आतडी ओढत वेशीपर्यंत जायचा आणि लोक त्याच्या मागं नाचायचे. बगाडाला माणूस टांगायचे, पाठीच्या कातड्यात लोखंडी गळ घालून, आणि तो वर फिरताना खाली बायका त्याचं रक्त कपाळाला लावायच्या. त्यापेक्षा आपलं बरं, मी म्हणायचो. तू म्हणायचास, "बरं म्हंजे काय रं? कमी वंगाळ."

आपलं जे होतं ते असं होतं. बोकड देवापुढं उभं करायचं. तू गुरव, त्याच्या पाठीवर तांब्यातलं पाणी शिंपडायचास. बोकडानं मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं की देवानं घेतलं. मग माझी सुरी. नाही झाडलं तर थांबायचं. तरीही नाही झाडलं तर देवाला नको आहे, बोकड सोडून द्यायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. तू पाणी, मी सुरी. तुझ्या आज्यापासून, माझ्या आज्यापासून.

आणि आता ते सांगतो, जे तुझ्याशी कधी बोललो नाही. लिंबाखाली रांजण होता, त्यातलं पाणी कसं गार असायचं, चैत्रातसुद्धा दात वाजतील असं. ते पाठीवर पडलं की कुठलंही बोकड अंग झाडणारच. पण देवाच्या मागं, जिथं दुपारभर ऊन असतं, त्या कातळावर तू आणखी एक तांब्या ठेवायचास. सगळ्यांना वाटायचं तो पूजेचा. एका जत्रेत तू शिंपडताना चार थेंब माझ्या मनगटावर उडाले आणि ते कोमट होते. कोमट म्हणजे अंगाएवढे. बोकड उभं राहिलं मख्खासारखं. त्याला कळलंच नाही पाणी पडलं म्हणून. ते सुटलं. मग मी लक्ष ठेवायला लागलो. दर जत्रेत एखादं-दुसरं असं सुटायचं. कुणाच्या घरचं लाडकं, कुणी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तू ते निवडायचास. फार नाही, संशय येणार नाही एवढीच.

मी कधी बोललो नाही. पहिल्यांदा राग आला होता. म्हटलं, हा माझ्या पोटावर पाय देतोय, देवालाही फसवतोय. नंतर राग गेला आणि गंमत वाटायला लागली. नंतर गंमतही गेली आणि तू कुठल्या तांब्याला हात घालतोस, तिकडंच माझा डोळा लागलेला असायचा.

यंदा सुनीलनं नवस फेडायला काढला. तोच रे, जेसीबीवाला, बारामती एमआयडीसीत कामं घेतो तो. नवी जेसीबी आली म्हणून बोकड. पण ते बोकड त्याच्या आईचं, पारूबाईचं होतं. म्हातारीच्या अंथरुणात निजायचं ते, तिच्या ताटातली भाकरी खायचं. म्हातारी पदर तोंडात कोंबून लिंबाला टेकून उभी होती. तू तिच्याकडं बघितलंस आणि देवाच्या मागं हात घातलास. मला कळलं. मी सुरी खाली केली.

बोकड उभं राहिलं. तू परत शिंपडलंस. तरी उभंच. ऊन चढलं, लोक कंटाळले. सुनील पिऊन आला होता, त्याची कामावरची पोरंही. त्यातला एकजण ओरडला, "मुलान्याची वाट कशाला बगता? आपला देव, आपला कोयता!" आणि हशा झाला. तू हात वर केलास. "आजून झाडलं न्हाय. देवाला नगं हाय त्ये. सोडा."

"देवाला नगं? माज्या जेसीबीचा नवस देवाला नगं?" एवढंच म्हणाला सुनील. ऊसतोडीचा कोयता होता त्याच्या हातात.

पहिला घाव बोकडाच्या मानेवर तिरका बसला. हाड तुटलं नाही, अर्धीच मान उघडली. नामा, मी हजारो जनावरं कापली, पण तसा आवाज कधी ऐकला नव्हता. माणसासारखं ओरडलं ते. रक्ताची चिळकांडी म्हसोबाच्या डोळ्यांवर गेली, लोकांच्या पांढऱ्या टोप्यांवर गेली. आणि तू, गाढवा, तू त्याच्यावर पालथा पडलास. दोन्ही हातांनी त्याला कवटाळलंस. दुसरा घाव निघालेलाच होता. तो थांबणार नव्हता, थांबवायची अक्कल त्या हातात नव्हतीच. कोयता तुझ्या मानेत बसला, खांद्याच्या वर, आणि तिथंच रुतला.

कोयता उपसू नको म्हणून मी ओरडलो. मला माहीत होतं उपसला की काय होतं. पण त्या हरामखोरानं घाबरून उपसला. मग मी डोक्याचं फडकं तुझ्या मानेवर दाबून बसलो, दोन्ही हातांनी, आणि माझ्या बोटांमधून तू वाहत होतास. पलीकडं बोकड टाचा घासत होतं. नाव घेऊन एका झटक्यात सोडवावं असं जनावर, आणि सोडवणारा मी हातभर अंतरावर, पण माझे दोन्ही हात तुझ्या मानेवर. दोघांपैकी एकालाच हात लावता येत होता. ते तसंच तडफडून मेलं. पारूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

टेम्पोत तू माझ्या मांडीवर होतास. जंक्शन गावापर्यंत डोळे उघडे होते. काहीतरी बोलायचा प्रयत्न केलास, तोंडातून नुसते बुडबुडे आले. मी म्हणालो, "गप ऱ्हा, बारामती आली." बारामती कुठली, वाटेतलं लासुर्णंही आलं नव्हतं. लासुर्ण्याच्या पुढं तुझा हात माझ्या गुडघ्यावरून घसरला. मी तरी फडकं दाबूनच होतो. दवाखान्यात त्यांना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

इकडं गावानं सुनीलला मरेस्तोवर मारलं. दात पाडले, हात मोडला, जेसीबी पेटवून दिली. पोलिसांनी नेला म्हणून जगला. हे मला सांगताना तात्यांचा आवाज चढला होता, जसा जत्रेत चढतो. खरं सांगतो, मी तिथं असतो तर मीही मारला असता. आजही तो समोर आला तर माझा हात माझा राहणार नाही. बघ, आपलं भांडण कुठं येऊन थांबलं. मी म्हणतो, नियम मोडला त्या दिवशी माणसाचं रक्त सांडलं, म्हणजे मी बरोबर होतो. तू म्हणशील, तुझ्या नियमानंच त्यांना रक्ताची चटक लावली. उत्तर द्यायला तू नाहीस. एकट्यानं भांडण जिंकण्यात काय मजा आहे रे?

तर काल तुझ्या दगडापुढं बोकड आणलं. मी गेलो. मी गेलो नसतो तर कोयता आला असता. सुरीला धार लावून गेलो, हेही सांगतो. कापावं लागलंच तर त्याला कळायच्या आत कापायचं, एवढं ठरवलं होतं. पुढचं ठरवलं नव्हतं. रात्रभर ठरलं नव्हतं.

पाणी कोण घालणार यावर अडलं. तुला मुलगा नाही, लेक निरवांगीला दिलेली. तेवढ्यात छबूवहिनी आली. पांढऱ्या कपाळानं, हातात तुझा तांब्या.

तात्या म्हणाले, "बाईमानूस कसं घालनार पानी?"

वहिनी म्हणाली, "तुमचा देव आसंल. माजा नवरा हाय. मीच घालनार."

ती माझ्यापुढं आली. मी बोकडाची शिंगं धरून उभा होतो. तिनं तांब्या माझ्यापुढं धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दस्तूभावजी, बगा बरं बोट घालून. गार हाय न्हवं? रांजनातलंच आनलंय. नंतर कुनी म्हनाय नगं."

मी बोट घातलं. नामा, पाणी कोमट होतं. अंगाएवढं.

तिच्या तोंडाकडं बघितलं. तिची पापणी हलली नाही. सगळा गाव माझ्याकडं बघत होता.

"गार हाय," मी ओरडलो. "बरफावानी हाय. बोट बधिर झालं माजं."

तिनं शिंपडलं. बोकड उभं. एक माशी त्याच्या कानावर बसली आणि त्यानं कान हलवला. गर्दीनं "हां!" केलं. मी दरडावलो, "कान हाय त्यो! अंग कुठं झाडलं? म्होरं यायचं न्हाय कुनी!" तिनं पुन्हा शिंपडलं. बोकड तिच्या पदराचं टोक चघळायला लागलं. ऊन चढत गेलं, पोरंबाळं रडायला लागली, भिवाची बायको घुमायचं थांबवून सावलीला जाऊन बसली. शेवटी मीच म्हणालो, "तात्या, नामाला नगं हाय. त्यो कदी खायचाच न्हाय, आता कशाला खाईल? दहीभात ठेवा त्येच्यापुडं."

तात्यांनी दगडाकडं बघितलं. मग टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "व्हय. शाकाहारी हुता त्यो." आणि कुणीतरी हसलं. तुझ्यावर हसलं, नामा, जसं तू जिवंत असताना हसायचे तसं. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मी बोकडाचं दावं सोडलं. सुरी फडक्यातच राहिली.

हे सगळं मी लिहून ठेवतोय, गावात कुणी वाचलं तर वाचू दे. माझ्याशी बोलायला या, म्हणावं.

नंतर वहिनीला घरी सोडायला गेलो. बोकड आमच्या मागं-मागं आलं, ते आता तुझ्याच दारात आहे, तुझी तुळस खातंय. वहिनीनं चहा टाकला. मी उंबऱ्यात बसलो. विचारू की नको, असं चाललं होतं. मग विचारलंच, "वहिनी, तुमाला ठावं हुतं?"

"तांब्या कातळावर ठेवायला मीच न्यायची की," ती म्हणाली. चूल फुंकताना तिनं तोंड तिकडंच ठेवलं. "आन तुमाला ठावं हाय, ह्ये त्येंनाबी ठावं हुतं. म्हनायचे, दस्त्याच्या हातावर पानी उडालंय, त्येला कळलंय. पन त्यो बोलायचा न्हाय. म्हून तर माजं चालतंय."

मग मी रडलो, नामा. तुझ्या उंबऱ्यात बसून, हातातला चहा अंगावर सांडेपर्यंत रडलो. एवढं ठाऊक होतं तुला, इतकी वर्षं, तर एकदा तरी बोलायचं होतंस की रे गाढवा.